चॅनल पुन्हा पुन्हा अडकतंय? सर्व्हर बदलण्याआधी ते कधी अडकतं ते लिहून काढा

लक्षण सगळीकडे सारखंच असतं. घरच्या सर्व्हरवर थेट टीव्ही बसवलेला असतो, चॅनलची यादी (इंटरनेटवरून येणाऱ्या चॅनलच्या लिंकची, म्हणजे आयपीटीव्हीची) भरलेली असते, चॅनल लागतं, चित्र स्वच्छ दिसतं. मग थोड्या वेळाने ते थिजतं आणि गोल चक्र फिरत राहतं. चॅनल बदलून परत आलं की पुन्हा सुरू होतं. दुसऱ्या दिवशी तेच. मग आपण शोधायला लागतो की थेट टीव्हीसाठी सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं. जेलीफिन काढून टीव्हीहेडएंड, ते काढून प्लेक्स, मग पुन्हा जेलीफिन. सॉफ्टवेअर बदलत राहतं आणि अडकणं तिथेच राहतं.

मी आठ महिन्यांत तीन सर्व्हर बदलले. दर वेळी यादी नव्याने लावायची, चॅनलचे क्रमांक द्यायचे, कार्यक्रम-पत्रिका जुळवायची, घरातल्या सगळ्यांना नवीन ॲप समजावून सांगायचं. दर वेळी पहिले दोन दिवस बरे जायचे आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबांची हाक यायची, ‘बातम्या पुन्हा थांबल्या बघ.’ तिन्ही सॉफ्टवेअरांत तसा काही दोष नव्हता. चॅनल नेमकं कधी अडकतं, हे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त माहिती त्या वेळेतच असते.

एक वही घ्या. तीन रकाने करा: अडकलं तेव्हा घड्याळात किती वाजले होते, चॅनल लावून किती वेळ झाला होता, आणि त्याच मिनिटाला घरात किंवा सर्व्हरवर आणखी काय चालू झालं. तिसरा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण माझं उत्तर तिथेच सापडलं. आठवड्यात नऊ नोंदी झाल्या. त्यातल्या सात वेळा मिनिटभराच्या आत घरातला दुसरा पडदा लागलेला होता.

आधी सर्व्हर बाजूला ठेवून बघा

वहीबरोबर एक चाचणी करायची. सर्व्हर पूर्ण बंद करा. ज्या मशीनवर तो चालतो तिथेच, किंवा त्याच राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर, त्या चॅनलची लिंक थेट व्हीएलसी या प्लेअरमध्ये उघडा आणि अर्धा तास चालू ठेवा. सर्व्हर बंद करणं महत्त्वाचं आहे. तो पाठीमागे चालू असेल तर त्याचंही कनेक्शन मोजलं जातं आणि चाचणी फसते. वायफायवर करू नका, नाहीतर दोन संशयित एकत्र येतात.

इथेही अडकलं तर दोष लिंकमध्ये, पुरवठादाराकडे किंवा तुमच्या इंटरनेटमध्ये आहे. जगातलं कोणतंही सर्व्हर सॉफ्टवेअर तो दुरुस्त करणार नाही. इथे अर्धा तास नीट चाललं, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

याच वेळी एफएफप्रोब या छोट्या प्रोग्रॅमने त्या लिंकची तपासणी करून ठेवा. चार गोष्टी टिपा: व्हिडिओ कोणत्या कोडेकमध्ये (दाबून साठवण्याच्या पद्धतीत) आहे, आवाज कोणत्या, फ्रेम दर किती, आणि चित्र प्रोग्रेसिव्ह (पूर्ण फ्रेमचं) आहे की इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींचं). पुढे सॉफ्टवेअर निवडताना या चार ओळी उपयोगी पडतात.

दुसरा पडदा लागला की पहिला थांबतो

हे कारण बऱ्याचदा आढळतं आणि फार कमी ओळखलं जातं, म्हणून इथे थोडं थांबतो.

बरेच पुरवठादार एका खात्यावर एका वेळी एक किंवा दोनच कनेक्शन देतात. आपल्याला वाटतं, घरात एकच टीव्ही चालू आहे, म्हणजे कनेक्शनही एकच. सर्व्हरच्या बाजूने चित्र वेगळं असतं. तुम्ही चॅनल बदलता तेव्हा ॲप नव्या चॅनलची मागणी लगेच करतं, पण जुन्या चॅनलचं कनेक्शन सुटायला काही सेकंद लागतात. कधी ॲप नीट ‘थांब’ म्हणत नाही, मग सर्व्हर जुनं स्ट्रीम आणखी बराच वेळ ओढत बसतो. त्या काळात पुरवठादाराला दोन कनेक्शन दिसतात आणि तो एक तोडतो. बहुतेक वेळा तोडलं जातं ते आधीपासून चालू असलेलं.

माझ्या लॉगमध्ये हे असं दिसलं. संध्याकाळी ७:१२:०४ ला मुलीच्या टॅबलेटवरून कार्टूनच्या चॅनलची मागणी. ७:१२:०५ ला पुरवठादाराचं उत्तर ४०३, म्हणजे परवानगी नाही. सर्व्हरने लगेच पुन्हा मागणी केली, ७:१२:०७ ला २००, म्हणजे मिळालं. आणि ७:१२:२१ ला बातम्यांच्या चॅनलचा पुढचा तुकडा आणायला गेल्यावर ४०३. बाबांच्या पडद्यावर बफरमध्ये शिल्लक असलेले काही सेकंद संपले आणि चित्र थिजलं. दोन पडद्यांमध्ये इतकं अंतर पडल्यामुळे कुणालाच त्यांचा संबंध कळला नव्हता. टॅबलेटवर तर सगळं उत्तम चालू होतं.

हे तुमच्याकडे आहे का ते पाहणं सोपं आहे. एक चॅनल लावा, दोन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या उपकरणावर वेगळं चॅनल लावा आणि पहिल्याकडे बघत राहा. मग हीच चाचणी दोन्हीकडे तेच चॅनल लावून करा. एकच चॅनल दोन ठिकाणी लावल्यावरही पहिलं थांबत असेल, तर तुमचा सर्व्हर एकाच चॅनलसाठी बाहेर दोन वेगळी कनेक्शनं उघडतो आहे.

इलाज सॉफ्टवेअरप्रमाणे बदलतो. जेलीफिनमध्ये यादी ट्यूनर (चॅनल पकडून देणारा भाग) म्हणून जोडली जाते, आणि त्याच्या सेटिंगमध्ये एकाच वेळी किती स्ट्रीम चालवायचे याची मर्यादा असते. तिथे शून्य म्हणजे अमर्याद. खऱ्या मर्यादेचा आकडा घातला की दुसरं चॅनल लावणाऱ्याला ते मिळणार नाही, पण पहिल्याचं तुटणार नाही. माझ्या मते घरात हेच न्याय्य आहे: ज्याने आधी लावलं त्याचं चालू राहावं.

टीव्हीहेडएंडमध्ये एक वेगळा प्रकार होतो आणि तो नवख्या माणसाला फार त्रास देतो. यादी ‘आयपीटीव्ही ऑटोमॅटिक नेटवर्क’ म्हणून जोडली की प्रत्येक लिंक एक मक्स (चॅनल वाहून आणणारा स्वतंत्र प्रवाह) बनते आणि टीव्हीहेडएंड त्यांची तपासणी सुरू करतं. तपासणी म्हणजे लिंक खरोखर उघडून पाहणं. यादीत तीनशे चॅनल असतील तर ते एकामागून एक, किंवा मर्यादा घातलेली नसेल तर अनेक एकदम उघडले जातात, आणि एका कनेक्शनच्या खात्यावर जे व्हायचं तेच होतं. बऱ्याच चॅनलवर ‘फेल’ असा शेरा बसतो आणि माणसाला वाटतं यादीच खराब आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये कमाल इनपुट स्ट्रीमचा आकडा घाला, रिकाम्या वेळेत तपासणी करण्याचा पर्याय बंद करा, आणि यादी जोडण्याआधीच तिच्यातले नको असलेले चॅनल काढून टाका. घरात रोज पंधरा-वीसच चॅनल बघितले जातात; उरलेले फक्त तपासणीला आणि पत्रिकेला भार असतात.

तिसरा मार्ग म्हणजे पुरवठादार आणि सर्व्हर यांच्या मध्ये एक प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ प्रोग्रॅम, बसवणं. थ्रेडफिन आणि डिस्पॅचर ही या कामाची नावं. थ्रेडफिन हा एक्सटीव्ह या जुन्या प्रकल्पावरून पुढे निघालेला आहे. हे प्रोग्रॅम तुमची यादी घेतात, आणि सर्व्हरपुढे एचडीहोमरन या ट्यूनरच्या वेषात उभे राहतात. बाहेरची कनेक्शनं तेच सांभाळतात: एकाच चॅनलचे दोन प्रेक्षक असतील तर बाहेरून एकदाच आणून दोघांना वाटतात आणि मर्यादा ओलांडू देत नाहीत. माझ्या घरचा प्रश्न याने सुटला. सर्व्हर बदलावा लागला नाही.

प्रॉक्सी डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याची सोय) ब्रिज नेटवर्कवर चालवत असाल तर सर्व्हर त्याला आपोआप शोधेल अशी अपेक्षा ठेवू नका. शोधाचे ब्रॉडकास्ट संदेश कंटेनरच्या आत पोहोचत नाहीत. पत्ता आणि पोर्ट हाताने घाला.

तीन मिनिटांचं गणित

वहीत ‘लावल्यावर दोन-तीन मिनिटांनी’ असं वारंवार येत असेल आणि घरात दुसरं काही चालू नसेल, तर कारण बहुधा ट्रान्सकोडिंग, म्हणजे चित्र-आवाज एका स्वरूपातून दुसऱ्यात बदलणं, असतं.

हे असं घडतं. थेट प्रक्षेपण आज बहुतेक एचएलएसने येतं. ॲपलने २००९ मध्ये आणलेली ही पद्धत पुढे २०१७ मध्ये आरएफसी ८२१६ (इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचा दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाली. यात प्रक्षेपणाचे छोटे तुकडे करतात आणि प्लेअर ते एकेक आणतो. तुकडा सहा सेकंदांचा ठेवण्याची ॲपलची शिफारस आहे, आणि प्लेअरने थेट टोकापासून किमान तीन तुकडे मागे सुरुवात करावी असं आरएफसी सांगते. म्हणजे सुरुवातीला सुमारे १८ सेकंदांची शिल्लक हातात असते. (शेजारच्या घरातला जल्लोष आपल्या आधी ऐकू येतो तो यामुळे. तो बिघाड नव्हे, आणि तो कमी करण्यासाठी बफर कापू नका.)

आता तुमचा सर्व्हर ते चित्र दुसऱ्या स्वरूपात बदलतो आहे आणि त्याला हे काम झेपत नाही असं समजा. हे काम करणारा एफएफएमपेग हा प्रोग्रॅम आपल्या लॉगमध्ये ‘स्पीड’ लिहितो. थेट प्रक्षेपणात हा आकडा १ च्या आसपास हवा. तो ०.९ असेल तर दर मिनिटाला सहा सेकंद मागे पडतात. १८ सेकंदांची शिल्लक तीन मिनिटांत संपते. चॅनल बदलून परत आलात की नवी १८ सेकंदं हातात येतात आणि पुन्हा तीन मिनिटं. म्हणून ‘बदलून आलं की चालतं’ हे लक्षण दिलासा देणारं नाही, उलट तोच पुरावा आहे.

जेलीफिनमध्ये हा लॉग डॅशबोर्डवर लॉगच्या यादीत एफएफएमपेगच्या नावाने वेगळा दिसतो. चालू प्रक्षेपणाच्या माहितीत ट्रान्सकोडिंग का होतंय याचं कारणही दिसतं. ते कारण आधी वाचा. माझ्या अनुभवात दोन कारणं पुन्हा पुन्हा येतात. पहिलं, चित्र इंटरलेस्ड आहे. ब्राउझर ते नीट दाखवत नाही, म्हणून सर्व्हर प्रत्येक फ्रेम उलगडून पुन्हा एन्कोड करतो, आणि ते जड काम आहे. दुसरं, आवाज एसी-३ मध्ये आहे आणि बऱ्याच ब्राउझरना तो चालत नाही. यात फक्त आवाज बदलावा लागतो, व्हिडिओ जसाच्या तसा जाऊ शकतो, आणि ते काम जुनं मशीनही करतं.

म्हणून पहिला इलाज सर्व्हरवर नाही, पडद्यावर आहे. ब्राउझरऐवजी त्या उपकरणाचं स्वतःचं ॲप किंवा कोडी हा प्लेअर वापरून बघा. कोडी इंटरलेस्ड चित्र स्वतः हाताळतं, सर्व्हरला काही करावंच लागत नाही. माझ्या एका जुन्या मशीनवर ब्राउझरमध्ये प्रोसेसर सतत पूर्ण भरलेला असायचा. तेच चॅनल कोडीवर लावल्यावर सर्व्हरवर हालचालही दिसेना.

ते शक्य नसेल तर हार्डवेअर एन्कोडिंग चालू करा, म्हणजे हे काम ग्राफिक्सच्या चिपवर जाईल. इंटेलच्या प्रोसेसरमधलं क्विक सिंक घरच्या कामाला पुरतं. इथे नेहमीची चूक म्हणजे सेटिंग चालू केलेलं असतं, पण डॉकर कंटेनरला ग्राफिक्सचं डिव्हाइस दिलेलं नसतं किंवा सर्व्हरचा वापरकर्ता ‘रेंडर’ गटात (ग्राफिक्स वापरायची परवानगी असलेल्यांत) नसतो. रास्पबेरी पाय ५ वर हा बेत करू नका. त्यात एच.२६४ चं हार्डवेअर एन्कोडिंग नाही. जसंच्या तसं पुढे पाठवायला तो चांगला आहे, ट्रान्सकोडिंगला नाही.

उरलेल्या वेळा

जाहिरात लागली की अडकतं: जाहिरातीचे तुकडे बहुतेक वेळा वेगळ्या ठिकाणी एन्कोड झालेले असतात. त्यांचे टाइमस्टॅम्प (वेळेचे शिक्के) आणि कधीकधी रिझोल्यूशनही मूळ कार्यक्रमाशी जुळत नाही. प्लेलिस्टमध्ये तिथे खंड पडल्याची खूण असते. काही प्लेअर ती नीट पाळतात, काही गोंधळतात. त्या चॅनलसाठी प्लेअर बदलून बघा. जेलीफिनच्या ट्यूनर सेटिंगमध्ये डीटीएसकडे (चित्र उलगडण्याची वेळ सांगणाऱ्या टाइमस्टॅम्पकडे) दुर्लक्ष करण्याचा पर्याय आहे, तोही एकदा करून बघण्यासारखा आहे.

काही तासांनी अडकतं आणि पुन्हा लावल्यावरही लागत नाही: लिंकमध्ये टोकन, म्हणजे तात्पुरता परवाना, असतं आणि त्याची मुदत संपलेली असते. लिंक व्हीएलसीत उघडून खात्री करा. यादी ठरावीक वेळाने नव्याने आणण्याची व्यवस्था करा. हातात धरून ठेवलेली जुनी यादी इथे कामाची नाही.

रोज ठरावीक वाजताच अडकतं: त्या वेळी सर्व्हरवर कोणतं ठरावीक काम चालतं ते पाहा. पत्रिका ताजी करणं, चित्रपटांच्या संग्रहाची छाननी, बॅकअप. ती कामं पहाटेवर ढकला.

आणि एक विरळ पण फार छळणारी वेळ. चॅनल दिवसरात्र चालू ठेवणाऱ्यांना, किंवा लांबचं रेकॉर्डिंग करणाऱ्यांना, ते आज दुपारी दोनला थांबतं, उद्या साडेचारला, परवा सातला. दर दिवशी अडीच तास पुढे. एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीम या प्रक्षेपणाच्या स्वरूपातला टाइमस्टॅम्प ३३ बिटांचा असतो आणि सेकंदाला ९०,००० या वेगाने वाढतो. सुमारे साडेसव्वीस तासांत तो भरतो आणि शून्यापासून सुरू होतो. जो प्रोग्रॅम ही उडी सांभाळत नाही तो तिथे अडकतो. अशी चाल वहीत दिसली तर शंका घेऊ नका. दर २४ तासांच्या आत ते स्ट्रीम एकदा आपोआप बंद-चालू होईल अशी सोय करा.

फक्त वायफायवरच्या पडद्यांवर तुटतं आणि केबलवर नाही, तर वायफाय सुधारा. तुमच्याकडे मल्टिकास्टने (एकच प्रवाह एकदम अनेकांना पाठवण्याच्या पद्धतीने) चॅनल येत असतील तर ते वायफायवर तसेच सोडू नका. वायफायवर मल्टिकास्ट कमी वेगाने आणि पोचपावतीशिवाय जातं, त्यामुळे चित्रात चौकोन पडतात. मध्ये सर्व्हर किंवा प्रॉक्सी ठेवून ते एचटीटीपीवर आणा.

पत्रिका रिकामी दिसणं हा अडकण्याचा भाग नाही, पण विचारलं फार जातं. यादीतली टीव्हीजी-आयडी (चॅनलची ओळख) आणि पत्रिकेच्या एक्सएमएलटीव्ही फाइलमधली चॅनलची आयडी अक्षर न् अक्षर जुळली पाहिजे. सगळे कार्यक्रम सारख्याच तासांनी पुढे-मागे दिसत असतील तर फाइलमधल्या वेळेचा टाइमझोन चुकलेला किंवा गायब आहे.

मग निवडायचं कोणतं

घरात एकच टीव्ही असेल आणि रेकॉर्डिंग नको असेल, तर सर्व्हर बसवूच नका. कोडी आणि त्यातलं आयपीटीव्ही सिंपल क्लायंट पुरेसं आहे. बिघडायला जागाच कमी राहते, आणि हा सल्ला मी मनापासून देतो.

फोन, ब्राउझर, टीव्ही असे वेगवेगळे पडदे असतील आणि चित्रपटांचा संग्रहही तिथेच हवा असेल, तर जेलीफिन. डिसेंबर २०१८ मध्ये ते एम्बी या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरपासून वेगळं झालं, आणि त्यात थेट टीव्हीसाठी पैसे द्यावे लागत नाहीत. अट एकच, ट्रान्सकोडिंग पेलणारं मशीन हवं.

अँटेनाचं कार्डही आहे, रेकॉर्डिंग भरपूर करायचं आहे आणि पडद्यांवर कोडी आहे, तर टीव्हीहेडएंड. शिकायला वेळ लागतो. मक्स, सर्व्हिस आणि चॅनल या तीन पायऱ्या समजेपर्यंत चिडचिड होते. पण एकदा बसलं की छोट्याशा मशीनवर वर्षानुवर्षं चालतं, कारण ते चित्राला हात न लावता पुढे पाठवतं.

प्लेक्स थेट यादी घेत नाही, त्याला ट्यूनर लागतो किंवा ट्यूनरच्या वेषातला प्रॉक्सी, आणि या सोयीसाठी प्लेक्स पासही लागतो. तो आधीपासून घेतलेला असेल तर ठीक. केवळ थेट टीव्हीसाठी घ्यावा असं मला वाटत नाही. एम्बीतही थेट टीव्हीला प्रीमियर सदस्यत्व लागतं.

डीआरएम (नक्कल रोखणारं कुलूप) असलेली चॅनल यातल्या सर्व्हरवर लागणार नाहीत, आणि जिथून ती ‘मोकळी’ मिळतात त्या याद्या चोरीच्या असतात. त्यांच्या लिंक सतत मरतात, आणि मग वर सांगितलेली सगळी तपासणी व्यर्थ जाते. ज्या याद्यांवर आपला हक्क आहे, किंवा ज्या वाहिन्यांनी स्वतः मोकळ्या सोडल्या आहेत, त्यांच्यावरच हे काम करा.

तरीही सॉफ्टवेअर बदलायचंच ठरलं, तर आधी यादी आणि पत्रिका सर्व्हरच्या बाहेर काढा. क्रमांक, नावं, लोगो, गट हे सगळं प्रॉक्सीत किंवा स्वतःच्या एका एमथ्रीयू (यादीच्या) फाइलमध्ये ठेवा. मग नव्या सर्व्हरला फक्त दोन पत्ते द्यावे लागतात, एक यादीचा आणि एक पत्रिकेचा. जुना सर्व्हर आठवडाभर तसाच राहू द्या, फक्त त्याचा ट्यूनर बंद करा, नाहीतर तो पाठीमागे कनेक्शन खात बसेल आणि वहीत पुन्हा तीच नोंद येईल.